डाव्या चाकाचा सांधा

मिस्त्री,

आज सकाळपासून वीज नाही. वेल्डिंग बंद, कॉम्प्रेसर बंद, पंखाही बंद. माझा कारागीर जेवायला घरी गेलाय आणि मी गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून पाठकोऱ्या जॉबकार्डांवर हे लिहीत बसलोय. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही सांगावंसं वाटलं नाही असं नाही, पण प्रत्येक वेळी वाटायचं की तुम्ही ऐकून घ्याल आणि शेवटी "बरं, पान्हा दे" एवढंच म्हणाल. शिवाय भांडून गेलेल्या माणसाने आधी काय बोलायचं तेही कळत नव्हतं. आता कळलंय असं नाही. थकलोय, एवढं मात्र खरं. सत्तावन्न पूर्ण झाली. गुडघे गाडीखाली शिरताना बोलतात आणि बाहेर येताना शिव्या देतात.

तुम्हाला आठवत असेल, मी तुमच्याकडे आलो तेव्हा कोवळा पोरगा नव्हतो. सव्विसाव्या वर्षी आलो, सातपूरची कंपनी बंद पडल्यावर, घरी बायको आणि अंगावर इस्त्रीचा शर्ट. आडगावच्या अलीकडे तुमचं पत्र्याचं गॅरेज होतं, समोर ट्रकांची रांग. तुम्ही माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, "शर्ट चांगला हाय. उद्या नको घालू." बाकी काही विचारलं नाही. पहिले सहा महिने मी नुसता केबिनमध्ये बसायचो. तुम्ही खाली झोपायचात, मी वर बसून स्टेअरिंग हलवायचो. उजवीकडे दोन बोटं, डावीकडे दोन बोटं, बस तेवढंच. मी जरा जास्त फिरवलं की खालून आवाज यायचा, "गाडी वळवायला नाय सांगितली, जागी करायला सांगितली."

मग एक दिवस तुम्ही मला खाली ओढलंत. एका जुन्या टेम्पोखाली आपण दोघे शेजारी शेजारी उताणे पडलो होतो, तोंडावर माती पडत होती. तुम्ही माझा हात धरून एका सांध्यावर ठेवलात, दोन बोटं स्टेअरिंगकडून येणाऱ्या दांड्यावर आणि दोन बोटं चाक वळवणाऱ्या खालच्या आर्मवर, म्हणजे सांधा बरोबर मधे आला. "डोळे मीट," म्हणालात. वर कोणीतरी स्टेअरिंग हलवलं. मला काहीच कळलं नाही. परत हलवलं. तिसऱ्या-चौथ्या वेळी पहिल्या दोन बोटांखाली काहीतरी आधी हललं आणि मागच्या दोन बोटांखाली किंचित उशिराने. तो उशीर म्हणजे झीज. डोळ्याला दिसत नाही, कारण वर ग्रीस आणि चिखलाचा थर असतो. कानाला ऐकू येत नाही, कारण गाडीत शंभर आवाज असतात. बोटाला मात्र कळतं. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की मला आज काम आलं. ती म्हणाली, आधी अंघोळ कर.

तुमचा क्रम मी अजून मोडलेला नाही. चाकापासून सुरू करायचं आणि वर स्टेअरिंगपर्यंत यायचं. आधी टायरवर तळहात फिरवायचा, आतून बाहेर आणि बाहेरून आत, कुठल्या बाजूला करवतीसारखं लागतं ते बघायचं. मग जॅक लावून चाक वरखाली धरून हलवायचं. वर बसलेल्याने ब्रेक दाबून धरला की बेअरिंगचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, जातो, उरतो तो चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचा. मग चाकं जमिनीवर टेकवून एकेक सांधा हाताने बघायचा. मग कमान पाटे, त्यांचे बुश. आणि सगळ्यात शेवटी स्टेअरिंगचा बॉक्स. मी एकदा उलटं केलं होतं. एक ड्रायव्हर घाईत होता, स्टेअरिंग ढिलं लागतंय म्हणून कटकट करत होता, मी सरळ बॉक्सवरचा स्क्रू आवळून दिला. स्टेअरिंग घट्ट झालं, गडी खूश. तुम्ही चहा पिऊन आलात, गाडी फाटकातून बाहेर पडत होती, तुम्ही तिच्यापुढे आडवे उभे राहिलात. सगळ्यांदेखत स्क्रू परत सोडलात आणि मला म्हणालात, "तू गाडी नाय दुरुस्त केली, त्याची भीती दुरुस्त केली. आता हा बिनघोर पळवील." आठ दिवस मी तुमच्याशी बोललो नाही. तुमच्या ते लक्षातही आलं नसावं.

गेल्या आठवड्यात एक पिकअप आली. म्हणजे तेव्हा दुसऱ्यांदा आली, पहिल्यांदा त्याच्या आठ दिवस आधी. पुढे कमान पाटे असलेली जुनी गाडी, तुमच्या वेळची म्हणता येईल अशी. मालक चांदवडकडचा, माझ्यापेक्षा थोडा लहान, रोज पहाटे भाजीपाला भरून नाशिकला आणतो. सोबत मुलगी असते. ती इथे नर्सिंगला आहे, बापाच्या गाडीत बसून येते आणि त्याच गाडीत परत जाते. तो म्हणाला, "मिस्तरी, गाडी रस्ता धरत नाय. नव्वदात गेली का हिकडं तिकडं बघती. तीन ठिकाणी दावली, कोण कायबी बदलतं." मुलगी आतूनच म्हणाली, "काका, ब्रेक मारला की डावीकडे जाते. बाबा सांगणार नाहीत, ते नव्वदनी चालवतात हेच कसं सांगितलं कोण जाणे." बाप कानकोंडा होऊन हसला.

मी बघायला घेतली. आधीच्या कोणीतरी बॉक्सचा स्क्रू कचकचून आवळलेला होता. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नव्हतं, मधोमध अडकत होतं. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तुमचा शिष्य असल्याचं सुख असं दुसऱ्याच्या चुकीवरच मिळतं. मी स्क्रू सोडला, कारागिराला वर बसवलं आणि खाली शिरलो. पाटा जिथे लटकतो त्या शॅकलचे बुश पार खल्लास झालेले होते, टॉमीची पहार घातली की पाटा बोटभर सरकत होता. डाव्या बाजूचा दुसरा पाटा मधून तुटलेला. एक शॉकअप तेल ओकत होता. मग एकेका सांध्यावर हात ठेवला, डोळे मिटले. सगळे ठीक लागले. बुश बदलले, पाटा बदलला, शॉकअप बदलले, चाकांचं माप घेऊन दांडा जुळवला. मखमलाबादपर्यंत चालवून आणली. स्टेअरिंगमध्ये अजून जरा ढिलेपणा होता. मालकाने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "जुनी गाडी आहे, एवढं असतंच."

मिस्त्री, हे वाक्य मी तुमच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. मी ते कुठून उचललं कोण जाणे.

आठव्या दिवशी गाडी क्रेनने पुढून उचलून आणली. पिंपळगावच्या अलीकडे उतारावर समोरच्याने अचानक वेग कमी केला, याने ब्रेक मारला, आणि गाडी डावीकडे खेचली गेली ती रस्ता सोडून खालीच उतरली. रसवंतीच्या मांडवाच्या हातभर अलीकडे थांबली. मांडवात माणसं बसलेली होती. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.  मालक मला फक्त एवढंच म्हणाला, "पोरगी बाजूला होती वो." मुलगी सरकारी दवाखान्यातली ड्यूटी संपवून संध्याकाळी पाचला गॅरेजवर आली, पांढऱ्या गणवेशात, आणि बापाशेजारी बाकावर बसली.

मी खाली शिरलो. कारागीर वर. पुन्हा एकेक सांधा, पुन्हा डोळे मिटून. काही नाही. काही नाही असं कसं असेल? मी कारागिराला खाली बोलावलं आणि मी वर बसलो. हा माझा कारागीर दिंडोरीकडचा, तिशीतला, चार शब्द बोलायला चार दिवस घेणारा. मी दोन बोटं उजवीकडे, दोन बोटं डावीकडे केलं. खालून लगेच आवाज आला, "मिस्तरी, डाव्या चाकाचा सांधा लय खेळतोय. पार गेलाय." मी म्हणालो, नीट बघ. तो म्हणाला, "बघायचं काय त्येच्यात, हाताला लागतंय." मी खाली उतरलो. त्याने मुलीच्या बापाला वर बसवलं आणि कापडाने ग्रीस पुसून काढलं. आता मला डोळ्यांनी दिसलं, दांडा आधी हलत होता आणि आर्म मागून. मी डोळे मिटून त्याच जागी बोटं ठेवली. काहीच नाही. सगळं एकसंध. जणू मी हातमोजे घालून लोण्याच्या गोळ्यावर हात ठेवला होता.

बाहेर आलो तर मुलगी उभी राहिली. "काका, हात दाखवा." माझ्या करंगळीशेजारच्या बोटातून रक्त गळत होतं, पत्र्याने चिरलं असावं, बऱ्यापैकी चिरलं होतं. मला पत्ता नव्हता. तिने पाण्याने धुतलं, पिशवीतून पट्टी काढून बांधली. मग म्हणाली, "डोळे मिटा." मी बघतच राहिलो. "मिटा हो, परीक्षा आहे." तिने पेनाच्या टोकाने माझ्या बोटांना शिवायला सुरुवात केली. कुठलं बोट? अंगठा, म्हणालो. आता? मधलं. आता? मी वाट बघत बसलो, कारण तिने अजून शिवलंच नाही असं मला वाटलं. डोळे उघडले तर पेनाचं टोक माझ्या तर्जनीवर रुतलेलं होतं. "शुगर आहे ना? किती वर्षं? हे कधीपासून?" तिने एकामागून एक विचारलं. शुगर बारा वर्षं. बाकीचं माहीत नाही. "मनगटात नस दबली असेल किंवा शुगरमुळे असेल, दोन्ही असेल. दाखवून घ्या. काही जणांचं थोडं परत येतं. सगळं येतंच असं नाही," ती म्हणाली. वीसेक वर्षांची असेल, पण खोटा धीर द्यायला अजून शिकलेली नाही.

मी नळाखाली हात धरून उभा राहिलो, आणि मिस्त्री, मला तुमच्या घरातला स्वयंपाकघराचा ओटा आठवला. दर रविवारी दुपारी मी तुमच्याकडे जेवायला असायचो. तुम्ही गॅसवरचं चहाचं उकळतं पातेलं फडक्याशिवाय उचलून खाली ठेवायचात. काकू ओरडायच्या, तुम्ही हसायचात. मी गॅरेजवर सगळ्यांना कौतुकाने सांगायचो की आमच्या मिस्त्रींचा हात लोखंडाचा आहे. शेवटी शेवटी तुमच्या शर्टाची बटणं काकू लावायच्या. एकदा मी चेष्टा केली, या वयात काय हे लाड, आणि काकूंनी माझ्याकडे बघितलंच नाही, मान खाली घालून बटण लावत राहिल्या. तुम्ही माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होतात. तेव्हा मला वाटलं, जास्तच बोललो. काय जास्त बोललो ते काल-परवापर्यंत कळलं नव्हतं.

आणि त्याच सुमारास तुम्ही गाडीखाली झोपणं सोडलंत. आधी कधीमधी, मग नेहमीच. तुम्ही वर बसायचात, दोन बोटं उजवीकडे, दोन बोटं डावीकडे, आणि विचारायचात, "काय लागतंय?" मी सांगायचो. तुम्ही पुन्हा विचारायचात, "नक्की? परत बघ." एकेका सांध्याला तीन तीनदा बघायला लावायचात. मला वाटायचं, म्हातारा आयतं खातोय आणि वर माझ्यावर विश्वासही नाही. अकरा वर्षं झाली होती मला. गॅरेज तुमच्या नावाने ओळखलं जायचं, माती माझ्या डोळ्यांत जायची. एका दुपारी गिऱ्हाइकांसमोर मी बोललो ते तुम्हाला आठवतंच असेल, पण मी लिहितो, म्हणजे माझ्याच अक्षरात राहील. "तुमचं पोट सुटलंय म्हणून खाली वाकवत नाही, आणि नाव मात्र तुमचं. वर बसून चाक हलवायला मिस्त्री कशाला लागतो?" तुम्ही स्टेअरिंगवरचा हात काढला नाहीत. म्हणालात, "झालं तुझं? मग तो सांधा परत एकदा बघ." मी पान्हा तिथेच टाकला आणि निघालो. पंधरा दिवसांत पेठ रोडला हे गॅरेज टाकलं. तुमची चार-दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे आली, मी त्यांना चहा पाजला.

सहा महिन्यांत कानावर आलं की तुम्ही स्टेअरिंगची कामं घेत नाही. ग्रीसिंग, पाटे, टायर, असली कामं करता. लोक येऊन सांगायचे आणि मी मान हलवायचो. मला वाटलं, माझ्यावाचून तुमचं अडलं. मला आनंद झाला होता, मिस्त्री. माझ्यावाचून अडलं हे खरंच होतं, फक्त त्याचा अर्थ मला वाटला तो नव्हता. खाली विश्वासाचा हात नव्हता, स्वतःचा हात गेला होता, म्हणून तुम्ही ते काम हातात घेणंच थांबवलंत. "जुनी गाडी आहे, एवढं असतंच" असं तुम्हाला म्हणता आलं असतं. लोकांनी ऐकूनही घेतलं असतं. मयताला मी आलो होतो, लांब उभा राहिलो आणि लवकर निघालो.

हे सगळं मी जुळवतोय, हेही कबूल करतो. कदाचित तुमचं पोटच सुटलं असेल. कदाचित कंबर असेल. आता विचारणार कोणाला? काकू गेल्यालाही पाच वर्षं झाली. पण पातेलं, बटणं आणि "परत बघ", हे तिन्ही एकत्र ठेवलं की मला दुसरं काही दिसत नाही. राग येतो तुमचा. एकदा सांगायचं होतं. अकरा वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाला एवढं सांगता येत नव्हतं का? मग लक्षात येतं की सांगितलं असतं तर मी काय केलं असतं. गॅरेज आता माझंच, असंच मनात आणलं असतं. तुम्हाला माझा सांधा न सांधा माहीत होता.

तर पिकअप. डाव्या चाकाचा सांधा बदलला, उजवाही बदलला, किंगपिन काढून बघितले, डावा झिजलेला निघाला, तोही नवीन टाकला. सगळं कारागिराने केलं. मी वर बसून चाक हलवत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मालक गाडी न्यायला आला, मुलगीही सोबत होती. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढच्या चाकाला लाथ मारली, तशी सगळेच मारतात, आणि मला विचारलं, "मिस्तरी, तुम्ही सोता हात लावून बघितलं ना? तुम्ही बघितलं आसंल तर मंग काय नाय." कारागीर हात पुसत होता. त्याने वर बघितलं नाही. त्याच्याकडून काही बाहेर पडणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. नुसतं हो म्हणायचं होतं, गाडी तर खरंच ठीक होती, खोटं असं त्यात फारसं काही नव्हतं.

मी म्हणालो, "नाही. माझ्या हाताला आता कळत नाही. मागच्या खेपेला मीच बघितलं होतं, म्हणून तुमच्यावर ती वेळ आली. या वेळी ह्याने बघितलंय. ह्याच्या हाताला कळतं."

 तो माणूस चिडेल असं वाटलं. चिडला नाही. तो कारागिराकडे वळला आणि म्हणाला, "मंग तुम्हीच चला ना ट्रायलला, मिस्तरी." कारागिराने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ते तिघे गाडीत बसून निघून गेले, आणि मी गेटात उभा राहून गाडी सरळ जातेय का ते बघत राहिलो. सरळ जात होती.

त्या दिवसापासून कारागिराला सगळे मिस्तरी म्हणायला लागलेत असं नाही, पण त्या एका माणसाने म्हटलं आणि मला ते लागलं. अजून लागतंय. दवाखान्यात जायचं आहे, जाईन. स्टेअरिंगची कामं बंद करायची नाहीत असं ठरवलंय. मी वर बसणार, तो खाली, आणि गिऱ्हाइकाला तसं सांगणार. पहिल्या दोघांना सांगितलं. एक जण थांबला, एक जण गाडी घेऊन दुसरीकडे गेला.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या गॅरेजच्या जागी आता टायरचं मोठं दुकान आहे. कारागीर जेवून येईल, त्याच्या आत हे कागद खणात ठेवून देतो. फक्त एक गोष्ट राहिली. वर वाचून तुम्हाला वाटेल की शेवटी माझ्यात अक्कल आली, मी खरं बोललो. तसं नाही. तो माणूस विचारत होता तेव्हा त्याच्या मागे ती मुलगी उभी होती आणि माझ्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत होती. ती तिथे नसती तर मी हो म्हणालो असतो.